मेंदूला इजा झाल्यावर भयप्रद दृश्यांकडे पाहताना नेमके काय बदलते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या थोरल्या भावाला वर्षभरापूर्वी दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागला. स्कॅनच्या अहवालात उजव्या टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाच्या आतल्या मेंदूच्या भागाच्या, पुढच्या टोकाला आणि कपाळामागच्या भागात खालच्या बाजूस रक्त साकळल्याची नोंद आहे. बोलणे, चालणे, हिशेब, स्मरणशक्ती बरीचशी पूर्ववत झाली आहे. मात्र बातम्यांतील अपघाताची दृश्ये, मोबाइलवर आलेले सापांचे व्हिडिओ किंवा समोर येऊन तावातावाने ओरडणारा माणूस, यांपैकी कशानेही त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. ‘त्याच्या मेंदूतला भीतीचा भागच गेला आहे का, आणि गेला असेल तर भीती परत येते का?’ असे त्यांनी विचारले आहे.

मेंदूला इजा झालेल्या रुग्णांची चेता-मानसशास्त्रीय तपासणी हे माझे रोजचे काम असल्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. ‘दगडासारखा झालाय, कशाचं काही वाटतच नाही’ हे वाक्य घरच्यांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. त्याला होकार किंवा नकार देण्यापूर्वी हे सांगायला हवे, की धोक्याच्या दृश्याला दिलेला प्रतिसाद ही एकच एक गोष्ट नसते. त्या दृश्याकडे नजर वळणे, ते काय आहे हे ओळखणे, शरीर सावध होणे, मनाला भीती जाणवणे आणि त्यानुसार पाऊल मागे घेणे, हे सारे निरोगी माणसात इतक्या झपाट्याने घडते की आपण त्याला एकाच नावाने ओळखतो. मेंदूच्या इजेमुळे यांतील एखादाच धागा तुटतो आणि बाकीचे शाबूत राहतात. कोणता तुटला हे इजेच्या जागेवर अवलंबून असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे निर्विकार चेहरा.

तपासणीच्या खोलीत हे धागे कसे वेगळे दिसतात ते पाहा. रुग्णाच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला दोन इलेक्ट्रोड लावलेले असतात. ते त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे पर्यायाने तळहाताला सुटणारा अगदी सूक्ष्म घाम, मोजतात. पडद्यावर सहा-सात सेकंदांसाठी एकेक चित्र येते: कपबशी, झाड, खुर्ची, मग फणा काढलेला नाग. निरोगी माणसाच्या आलेखात नाग दिसल्यावर एक ते तीन सेकंदांत रेषा चढते आणि हळूहळू खाली येते. काही रुग्ण ‘बाप रे, केवढा नाग आहे!’ असे अगदी योग्य स्वरात म्हणतात आणि त्याच वेळी रेषा सपाट असते. काहींची रेषा उंच चढते, पण ‘काय वाटलं?’ असे विचारल्यावर ते खांदे उडवून ‘काही नाही’ म्हणतात. हे दोघेही घरच्यांच्या दृष्टीने ‘भीती न वाटणारे’ आहेत. त्यांच्यातला बिघाड मात्र एक नाही.

आता ज्याला लोक ‘भीतीचा भाग’ म्हणतात त्या अमिग्डलाकडे वळू. कानशिलाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये खोलवर, दोन्ही अंगांना बदामाएवढे हे एकेक केंद्र असते. १९३०च्या दशकात क्ल्यूव्हर आणि ब्यूसी यांनी माकडांचे दोन्ही टेम्पोरल लोब काढल्यावर, एरवी सापाला पाहून थरकाप होणारी ती माकडे सापाला बिनदिक्कत हात लावू लागली, असे नोंदवले. १९५६ मध्ये वायस्क्रांट्झ यांनी त्यातला अमिग्डलाचा वाटा वेगळा काढून दाखवला. माणसांत इतकी नेमकी इजा क्वचितच होते. अपघातात किंवा मेंदूज्वरात आजूबाजूचा बराच भाग सोबत खराब होतो. अपवाद आहे तो उर्बाख-विथे या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा. आवाज घोगरा होणे आणि पापण्यांच्या कडेला मण्यांसारख्या बारीक पुळ्या येणे ही त्याची ओळखीची लक्षणे. काही रुग्णांत दोन्ही बाजूंच्या अमिग्डलात कॅल्शियम साठून ती निकामी होतात आणि शेजारचा भाग जवळपास तसाच राहतो. आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा आजार होत असल्याने नात्यातल्या लग्नांतून तो अधिक दिसतो. भारतातही त्याचे रुग्ण आढळतात, आणि ते बहुधा सर्वप्रथम त्वचारोगतज्ज्ञांकडे पोहोचतात.

या आजाराची जगात सर्वाधिक अभ्यासली गेलेली रुग्ण म्हणजे अमेरिकेतील एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी स्त्री. १९९४ मध्ये आयोवा येथील अडॉल्फ्स, ट्रॅनेल आणि दमासिओ दांपत्याने दाखवले, की चेहऱ्यांच्या छायाचित्रांवरून आनंद, दुःख अशा भावना तिला ठीक ओळखता येतात, पण घाबरलेला चेहरा ओळखता येत नाही. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक तिला साप आणि कोळी विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले. ‘मला सापांचा तिटकारा आहे’ असे आधी सांगणाऱ्या या बाईने तिथे साप हातात घेतला, त्याच्या लवलवणाऱ्या जिभेला बोट लावले आणि अधिक धोकादायक सापांना हात लावू का, असे पुन्हा पुन्हा विचारले. केंटकीतील एका जुन्या सॅनेटोरियममध्ये उभारलेल्या भूतघरात ती सगळ्यांच्या पुढे चालली. भयपटांतील दृश्ये पाहताना ती कंटाळली नव्हती, उत्सुक होती. किळस, आनंद, दुःख जागवणारी दृश्ये दाखवली तेव्हा त्या त्या भावना तिला जाणवत होत्या. आपल्या भावाविषयी विचार करताना हा तपशील लक्षात ठेवावा, कारण अमिग्डलाच्या इजेने माणूस दगड होत नाही. माणसाला कशातच रस उरला नसेल, हसू, राग, माया सगळेच मंदावले असेल, तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावे लागते.

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत मोलाचा निष्कर्ष २००५ मध्ये आला, आणि लोकप्रिय लेखनात तो क्वचितच सांगितला जातो. एस. एम. चेहरा पाहताना तिची नजर कुठे फिरते हे यंत्राने टिपले, तेव्हा ती समोरच्याच्या डोळ्यांकडे जवळजवळ पाहतच नसल्याचे दिसले. घाबरलेला चेहरा ओळखण्याची सर्वांत मोठी खूण म्हणजे विस्फारलेले डोळे आणि त्यांचा उघडा पडलेला पांढरा भाग. ती खूण तिच्या मेंदूपर्यंत पोहोचतच नव्हती. ‘डोळ्यांकडे पाहा’ एवढी एकच सूचना दिल्यावर तिचे उत्तर निरोगी माणसांइतके अचूक येऊ लागले. सूचना थांबली की नजर पुन्हा नाका-तोंडाकडे घसरली आणि ओळखही गेली. म्हणजे ओळखण्याचे ज्ञान मेंदूत शाबूत होते. दृश्यातल्या कोणत्या जागी पाहणे महत्त्वाचे आहे हे आपोआप ठरवणारी यंत्रणा बंद पडली होती. अमिग्डलाला ‘भीतीचे केंद्र’ म्हणण्यापेक्षा, समोरच्या दृश्यात आपल्या दृष्टीने महत्त्वाचे काय आहे ते हेरणारे केंद्र म्हणणे अधिक बरोबर, असे मला या प्रयोगामुळे वाटते. अर्थात हेही पूर्ण चित्र नव्हे. २००९ मध्ये असे आढळले, की अनेक चेहऱ्यांतून घाबरलेला चेहरा झटकन निवडायला सांगितले तर एस. एम.ला ते जमते. भेदरलेल्या चेहऱ्याची पहिली, अजाण चाहूल अमिग्डलाशिवायही लागू शकते.

भीती ‘गेली’ असे म्हणण्याला खरा धक्का २०१३ मध्ये बसला. एस. एम. आणि याच आजाराच्या दोन जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास देण्यात आला. निरोगी माणसाला यामुळे क्षणभर गुदमरल्यासारखे होते आणि काहींना घाबरेघुबरे होते. या तिघींनाही तीव्र पॅनिकचा झटका आला. साप हाताळणारी तीच एस. एम. तोंडावरचा मास्क ओढून काढू लागली. म्हणजे भीतीची भावना निर्माण करणारी यंत्रणा जागेवर होती. डोळ्यांवाटे येणाऱ्या धोक्याने ती जागी होत नव्हती, शरीराच्या आतून आलेल्या धोक्याने झाली. घरच्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण साप पाहून न दचकणारा रुग्ण धाप लागल्यावर किंवा रात्री छातीत धडधडल्यावर गर्भगळीत होतो, तेव्हा ‘हा नाटक करतो’ असा समज सहज होतो.

इजा अमिग्डलाच्या कोणत्या भागाला झाली यानेही चित्र उलटे होऊ शकते. दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँड भागातील उर्बाख-विथे रुग्णांत अमिग्डलाचा केवळ खालचा-बाहेरचा भाग खराब झालेला असतो. २०१२ मध्ये टेरबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा घाबरलेल्या चेहऱ्यांकडे ते निरोगी माणसांपेक्षा अधिकच खेचले जात असल्याचे आढळले. त्या भागाचे एक काम उरलेल्या अमिग्डलाला आवर घालण्याचे असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून स्कॅनच्या अहवालात ‘टेम्पोरल लोबला इजा’ एवढे वाचून भीती कमी होईल की वाढेल हे कोणीही सांगू नये.

आपल्या भावाची इजा एका बाजूची आहे, आणि एका बाजूच्या इजेत परिणाम बराच सौम्य असतो. तरीही बाजूला महत्त्व आहे. यासाठी एक साधी चाचणी वापरतात: डोळ्याखालच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून, पडद्यावर चित्र चालू असताना हेडफोनमधून अचानक मोठा आवाज द्यायचा आणि पापणी किती जोरात मिटते ते मोजायचे. भयप्रद चित्र समोर असेल तर निरोगी माणसाची पापणी नेहमीपेक्षा जोरात मिटते, सुखद चित्र असेल तर कमी. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत टेम्पोरल लोबचा पुढचा भाग काढलेल्या रुग्णांवर २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात, उजवी बाजू गेलेल्यांत चित्रांमुळे होणारी ही वाढ नाहीशी झाली होती, पण ‘हा रंग दिसला की शॉक बसेल’ अशा तोंडी सूचनेला त्यांची पापणी नीट प्रतिसाद देत होती. डावी बाजू गेलेल्यांत नेमके उलट होते. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. मात्र आपल्या भावाची इजा उजवीकडची आहे आणि तक्रार दृश्यांची आहे, हे त्याच्याशी जुळते. त्यांना धोक्याबद्दल शब्दांत सांगितल्यावर काय होते, हे घरी अवश्य पाहावे. ‘पुढच्या वळणावर रस्ता खचला आहे’ असे सांगितल्यावर ते वेग कमी करत असतील, तर धोक्याची समज जिवंत आहे.

दुसरी इजा कपाळामागच्या, खालच्या भागाची. अपघातात हीच दोन ठिकाणे सोबत जखमी होणे अगदी नेहमीचे आहे. कवटीच्या तळाला पुढच्या बाजूस हाडांचे खडबडीत कंगोरे असतात, आणि डोके आपटताना मेंदू सरकून ललाटखंडाचा, म्हणजे कपाळामागच्या भागाचा, तळ आणि टेम्पोरल लोबची टोके त्यांवर घासतात. ललाटखंडाच्या तळाच्या, मधल्या भागाला इजा झालेल्या रुग्णांवर दमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केलेला प्रयोग मला आजही रोज उपयोगी पडतो. या रुग्णांना भीषण आणि भावनांना हात घालणारी चित्रे नुसती पाहायला सांगितली, तेव्हा त्वचेच्या विद्युतवाहकतेची रेषा सपाट राहिली. तीच चित्रे पाहून ‘काय दिसते ते बोलून सांगा’ असे म्हटल्यावर मात्र प्रतिसाद उमटू लागला. चित्राचा अर्थ त्यांना कळत होता, प्रतिसाद देण्याची क्षमताही होती, पण मुद्दाम लक्ष घातल्याशिवाय त्या दोहोंची गाठ पडत नव्हती.

हाच भाग भीतीला आवरही घालतो, हे लक्षात घेतले तर इजेनंतर भीती अनावर व्हायला हवी असे वाटेल. व्हिएतनाम युद्धात डोक्याला जखमा झालेल्या अमेरिकी सैनिकांवरील २००८चा अभ्यास मात्र वेगळेच सांगतो. ललाटखंडाच्या या भागाला इजा झालेल्यांत युद्धाच्या आघातानंतर जडणारा पीटीएसडी हा विकार इतर सैनिकांपेक्षा कमी आढळला, आणि अमिग्डलाला इजा झालेल्या १५ जणांपैकी एकालाही तो नव्हता. डोक्याला मार लागलेल्या माणसाला असा विकार होतच नाही, असा अर्थ यातून काढू नये. अशा अपघातांनंतर तो होतो, आणि तो झालेला माणूस अपघाताची दृश्ये पाहताना बधिर झाल्यासारखा दिसू शकतो. तोही निर्विकारच दिसतो, पण त्याला हवे असलेले उपचार अगदी निराळे असतात.

काही वेळा दोष भावनेत नसून दृष्टीत असतो, आणि तो आधी तपासावा लागतो. मेंदूच्या मागच्या ऑक्सिपिटल भागाला इजा झाली तर डोळे निर्दोष असूनही दृश्याचा काही भाग दिसत नाही. उजव्या पार्श्वखंडाच्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाच्या, इजेत डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच उरते. अशा रुग्णांतही धोक्याच्या दृश्यांना थोडी सवलत मिळते. व्हुइल्यूमिए यांच्या २००१ मधील अभ्यासांत, डावीकडे दुर्लक्ष करणाऱ्या रुग्णांच्या ध्यानात फुलापेक्षा कोळ्याचे चित्र आणि निर्विकार चेहऱ्यापेक्षा रागावलेला चेहरा अधिक वेळा आला. याहून थक्क करणारा रुग्ण म्हणजे टी. एन. या आद्याक्षरांचा एक डॉक्टर. दोन स्ट्रोकमध्ये त्याचे दोन्ही बाजूंचे दृष्टिकेंद्र नष्ट झाले आणि तो पूर्ण अंध झाला. २००५ मध्ये त्याला चेहरे दाखवून त्यांवरची भावना अंदाजाने सांगायला लावली, तर त्याचे अंदाज निव्वळ योगायोगाने यावेत त्यापेक्षा अधिक वेळा बरोबर आले, आणि त्या वेळी त्याच्या उजव्या अमिग्डलात हालचाल दिसली. साधे आकार किंवा चेहऱ्यांखेरीज इतर भावनिक चित्रे मात्र त्याला ओळखता आली नाहीत. दृष्टिकेंद्राला वळसा घालून अमिग्डलाकडे जाणारी एक जलद वाट असावी, असे यावरून मानले जाते. ती वाट कितपत खरी आणि किती महत्त्वाची यावर तज्ज्ञांत जोरदार मतभेद आहेत. २०१६ मध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या अमिग्डलातून थेट घेतलेल्या नोंदींत घाबरलेल्या चेहऱ्याला सुमारे ७४ मिलिसेकंदांतच प्रतिसाद दिसला, पण अप्रिय दृश्यांच्या चित्रांना तसा लवकर प्रतिसाद दिसला नाही. चेहरा आणि दृश्य यांना मेंदू एकाच तराजूत तोलत नाही, असा माझा समज यामुळे पक्का झाला आहे. म्हणूनच तपासणीत मी दोन्ही प्रकारची चित्रे वापरतो.

आता आपल्या भावाबद्दल. उजवा टेम्पोरल लोब आणि ललाटखंडाचा तळ या दोन इजा मिळून, दिसलेल्या धोक्याला शरीराने आपोआप प्रतिसाद न देणे हे चित्र तयार होऊ शकते. डोक्याला मध्यम ते गंभीर मार लागलेल्यांपैकी ३९ टक्क्यांपर्यंत लोकांना इतरांच्या चेहऱ्यावरील भावना ओळखण्यात लक्षणीय अडचण येते, असा उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित अंदाज आहे, आणि ओरडणाऱ्या माणसापुढे ते शांत उभे राहतात याचे कारण त्यात असू शकते. तरीही निष्कर्षापूर्वी काही गोष्टी वगळाव्या लागतील: दृष्टिक्षेत्र, एका बाजूकडे दुर्लक्ष, नैराश्य, पीटीएसडी आणि ज्यात कोणत्याच गोष्टीची ओढ राहत नाही ती औदासीन्याची अवस्था. औषधांची यादी सोबत आणावी. प्रोप्रॅनोलॉल हृदयाची धडधड दाबते, ॲमिट्रिप्टिलीन तळहाताचा घाम कमी करते. ही औषधे चालू असताना सपाट रेषेचा अर्थ लावताना मी फार जपून राहतो. ती स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नयेत.

भयानक व्हिडिओ दाखवून घरी ‘परीक्षा’ घेणे थांबवावे. मोबाइलच्या पडद्यावरचा साप खोटा आहे हे धडधाकट माणसालाही ठाऊक असते, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष जगण्यातले प्रसंग तारखेसह लिहून ठेवावेत: रस्ता ओलांडताना गाडी जवळ आली तेव्हा ते थांबले का, उतू जाणाऱ्या दुधाकडे धावताना गरम भांड्याला सरळ हात घातला का, अंगावर येणाऱ्या कुत्र्यापासून मागे सरले का, अनोळखी माणसाच्या किती जवळ जाऊन उभे राहतात. शेवटचा प्रश्न वरवर विचित्र वाटेल, पण एस. एम.च्या बाबतीत २००९ मध्ये मोजले तेव्हा समोरच्यापासून तिला सोयीचे वाटणारे अंतर निरोगी माणसांच्या जवळपास निम्मे निघाले होते.

भीती परत येते का, याचे उत्तर दोन भागांत आहे. अपघातानंतरच्या पहिल्या वर्षात सुधारणा सर्वाधिक होते, पुढे तिचा वेग मंदावतो; आपोआप उमटणारा प्रतिसाद आता पूर्ण परतेल असे आश्वासन मी देणार नाही. मात्र मुद्दाम लक्ष घालून धोका ओळखणे शिकवता येते, आणि वर सांगितलेले दोन्ही प्रयोग, डोळ्यांकडे पाहण्याचा आणि चित्र बोलून सांगण्याचा, याच दिशेने बोट दाखवतात. भावाला रोज काही मिनिटे घरातल्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून ‘डोळे कसे आहेत, भुवया कुठे आहेत, म्हणजे याला काय वाटत असेल’ असे मोठ्याने बोलायला लावावे. रस्त्यावर चालताना समोर दिसणारे धोके त्यांनी शब्दांत सांगावेत. सूचना थांबली की सवय सुटते, हे एस. एम.च्या उदाहरणात आपण पाहिलेच, म्हणून महिना-दोन महिन्यांत कंटाळून सोडू नये. दृष्टिक्षेत्राची आणि प्रतिक्रियावेळेची तपासणी होऊन न्यूरॉलॉजिस्टनी लेखी परवानगी देईपर्यंत दुचाकीची किल्ली त्यांच्या हाती देऊ नये. त्यांना स्वतःला गाडी चालवण्याची भीती वाटत नाही, त्यामुळे हट्ट होईल, त्याची तयारी ठेवावी.